कापूस पाणी पितो

पुसद
१७ नोव्हेंबर २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी अंगण झाडलं, चहा केला. शिंप्याकडून तुझं पार्सल शिवून घेतलं आणि टपालात टाकलं. येताना भाजी आणली. दुपारी झोप आली नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

परवा तुझ्या मावशीला जाऊन वर्ष झालं. तुझा फोन आला तेव्हा तू बोलत होतीस आणि मी नुसतं हो हो करत होतो. वाईट वाटून घेऊ नकोस. इतकी वर्षं फोन मैनानेच घेतला. मी मागून "मी पण विचारलं म्हणून सांग" एवढंच म्हणायचो. फोन कानाला लावला की मला पुढचं वाक्य सुचत नाही, कागदावर सुचतं. तेव्हा उत्तर मी पत्रानेच देत जाईन. तिकडचा रस्ता बर्फाने बंद झाला की टपालाच्या पिशव्या तुमचंच हेलिकॉप्टर आणतं, असं तू सांगितलं होतंस. म्हणजे माझं पत्र तूच तुला पोचवणार.

पार्सलमध्ये बंडी आहे. बारावीपर्यंत तू आमच्याकडे होतीस, म्हणून तुला आठवत असेल. वेचणीच्या पहिल्या दिवशी मैना शेतात सीतादही करायची, कपाशीला दहीभात दाखवायची, आणि त्या दिवशीचा पहिला कापूस कधी विकू द्यायची नाही. सरकी हाताने काढून तो पिशवीत भरून ठेवायची. अशा बऱ्याच वर्षांचा कापूस कपाटावर होता. तो गादीवाल्याकडून पिंजून घेतला आणि तुझ्या जुन्या मापाने बंडी भरून घेतली. आपलं शेत बटईने करतो तो तांड्यावरचा बाबूसिंग तेव्हा सोबत होता. म्हणाला, "भाऊ, एवढ्या कापसात तं माही अख्खी गादी भरली असती. पोरगी उडन का यानं?"

तू ही नोकरी धरलीस तेव्हा तुझी मावशी एकच गोष्ट बोलली होती, पोरीला वर थंडी लागेल. तेव्हा ही बंडी प्रत्येक उड्डाणाला अंगात असू दे. तिचं राहिलेलं काम झालं असं मला वाटेल.

वामनराव


हिमाचल
३ डिसेंबर २०२५

मावसाजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र खरंच मीच आणलं. पिशवी घाटावरून इकडे आणून टपालवाल्याच्या हातात दिली आणि तासाभराने त्यानेच ती बंडी आणि पाकीट माझ्या दारात आणून टाकलं. मला हसू आलं आणि मग थोडं रडूही आलं. कापसाला अजून आपल्या कपाटाचा वास आहे.

बंडी खूप ऊबदार आहे. रोज घालते. इथले लोक विचारतात कुठून घेतली, मी म्हणते विकत मिळत नाही.

इथे बर्फ पडायला लागला आहे. दर वर्षी या दिवसांत कॅप्टन देवसिंग आम्हा सगळ्या वैमानिकांची शाळा घेतात. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून उडते, म्हणजे मी सहवैमानिक. ते इथलेच, पन्नाशीचे, मिशी मोठी आणि आवाज त्याहून मोठा. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, "बेटी, हीटर झूठ बोलता है।" कॉकपिटमध्ये हीटर चालू असतो, म्हणून वैमानिक पातळ कपडे घालून बसतो. इंजिन बंद पडलं की तेच हेलिकॉप्टर थोड्या वेळात पत्र्याची थंडगार पेटी होतं. म्हणून कपडे बसायच्या जागेसाठी घालायचे नाहीत, खाली जो डोंगर आहे त्याच्यासाठी घालायचे.

ते म्हणतात, माणूस गारठून मरायला बर्फच लागतो असं नाही. अंग ओलं, वर वारा, पोट रिकामं आणि थकवा, एवढं जमलं की दहा-बारा अंशांतही शरीर आतून थंड पडत जातं. आधी माणूस कुडकुडतो. कुडकुडणं चांगलं, शरीर लढत असतं. मग बोटांना बटण लागत नाही, जीभ अडखळते, चाल डुलते. आणि मग कुडकुडणं थांबतं. लोकांना वाटतं बरं वाटायला लागलं, पण तेव्हाच खरी भीती असते. शिवाय त्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. म्हणून स्वतःवर लक्ष ठेवता येत नाही, शेजारच्यावर ठेवायचं. कॅप्टन माझ्यावर ठेवतात, मी त्यांच्यावर. आणि कोणी गारठलाच तर दारू पाजायची नाही, अंग चोळायचं नाही, निजवून छातीला आणि बगलेला ऊब द्यायची.

हे सगळं मी तुम्हाला कशाला सांगते आहे? तिकडे पंखा तरी बंद झाला का?

तुमची दिपाली


पुसद
१४ डिसेंबर २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

आज शेतात गेलो होतो. दुसरा वेचा संपत आला आहे. तूर शेंगांवर आहे. जेवण बाबूसिंगकडे झालं.

बंडी रोज घालतेस हे वाचून बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री नीट झोप लागली.

तुझं पत्र बाबूसिंग आणि त्याच्या बायकोला, हंसाबाईला वाचून दाखवलं. हंसाबाई आता तांड्यातल्या दारूबंदीच्या बायकांची पुढारी आहे. नाल्याकाठी सापडलेल्या रिकाम्या बाटल्या तिने पोत्यात भरून ठेवल्या आहेत, ठाण्यातले साहेब आले की त्यांच्यापुढे ओतणार आहे. तू लिहिलेल्या खुणा ऐकून ती म्हणाली, "जीभ अडखळते, चाल डुलते, अन् इचारलं तं म्हणते मले काई झालं नाई. अवो वामनभाऊ, हे तं नाल्याकाठचे सारेच गारठले म्हणा की."

बाबूसिंग हसून हसून ठसकला. म्हणाला, "आपल्या इकडं उन्हानं मरते माणूस. थंडीनं मराले तिकीट काढून जा लागते."

तुमच्या त्या कॅप्टनना माझा नमस्कार सांग. कापसाबद्दल त्यांना काही विचारायचं असेल तर विचारू दे. जिनिंगमध्ये माझी सगळी नोकरी कापूस पारखण्यात गेली.

एक विचारायचं राहिलं. हेलिकॉप्टरमध्ये बंडी आतून घालतेस की कोटावरून? एवढंच कळव.

वामनराव


हिमाचल
३० डिसेंबर २०२५

मावसाजी, नमस्कार.

तुम्ही "एवढंच कळव" म्हणालात आणि मी दोन दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले.

आधी दुसरी गोष्ट सांगते. गेल्या आठवड्यात आम्ही एका शाळामास्तरांना घेऊन परत येत होतो. मध्येच घाटात ढग भरले आणि पुढचं काही दिसेना. कॅप्टननी एका मोकळ्या कुरणावर हेलिकॉप्टर उतरवलं. काही बिघडलं नव्हतं, ढग हटेपर्यंत थांबायचं होतं. पण दुपार गेली तरी ढग हटले नाहीत. मास्तर जीन्स आणि सुती सदरा घालून, वर एक जाकीट टाकून आले होते. हेलिकॉप्टरपर्यंत बर्फातून चालत येताना ते भिजले होते, आम्हाला ते कळलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते पट्ट्याचं बक्कल उघडायला बघत होते आणि बोटं नुसती त्यावरून घसरत होती. म्हणाले, "मैं बिल्कुल ठीक हूँ मॅडम।" कॅप्टननी लगेच त्यांचे ओले कपडे काढायला लावले. आमच्या पेटीतली लोकर त्यांच्या अंगावर चढवली, दोघांच्या मध्ये बसवून घेतलं, थर्मासमधला गोड चहा दिला. थोड्या वेळाने ते कुडकुडायला लागले आणि कॅप्टन म्हणाले, "शाबाश, अब ठीक है।" संध्याकाळच्या आत आम्ही घरी होतो. सगळे ठणठणीत आहेत. काळजी करू नका.

आता बंडीचं. मावसाजी, बंडी त्या दिवशी माझ्या अंगात नव्हती. कुठल्याच उड्डाणाला नसते. मी ती खोलीत घालते, रोज घालते, ते खोटं लिहिलं नव्हतं. पण वर नेत नाही. इथे आम्हा वैमानिकांना सुती कपडा घालून उडू देत नाहीत, बनियनसुद्धा नाही. भिजला की कापूस पाणी धरून ठेवतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी थोडी ऊब ठेवते.

तुम्ही जिनिंगवर कापसाचा पुंजका नुसता अंगठ्याने दाबून गाडी परत पाठवायचात. मावशी म्हणायची, यांना कापसातलं पाणी ऐकू येतं. मग मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल असं मला वाटतं.

पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहायला हवं होतं. तुम्हाला कसं लिहू ते समजेना.

दिपाली


पुसद
२९ जानेवारी २०२६

चि. दिपालीस आशीर्वाद.

आज शेतात गेलो नाही. आकाश मोकळं आहे, ऊन पडलं आहे. घरीच होतो. आता लिहितो.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. वाचलं आणि घडी करून ठेवलं. तुझे दोन फोन आले, तेही घेतले नाहीत. राग नव्हता असं लिहिणार होतो, पण होता. मैनाने इतकी वर्षं जपलेला कापूस, आणि तो अंगावर घातला की जीव जातो म्हणे. कापसाने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं. असं मनात धरून बसलो होतो.

गेल्या शनिवारी अवकाळी आला. मी वेचलेला कापूस बघायला तांड्यावर गेलो होतो. दुपारी अंधारून आलं, वारा सुटला, मग गारा पडल्या आणि त्यानंतर पाऊस थांबेचना. बाबूसिंग शेतात तुरीच्या गंजीवर ताडपत्री टाकायला गेला तो परत येईना. सकाळपासून त्याने नुसता चहा घेतला होता. ताडपत्री वाऱ्याने उडायची, तो परत धरायचा, असं त्याचं तिथे चाललं होतं म्हणे. पाऊस ओसरल्यावर तो आला. अंगावर शेतातल्या खोपीतली गोधडी गुंडाळलेली होती. पाय एकीकडे, तो एकीकडे. हंसाबाई दारातच उभी होती. तिने त्याला पाहिलं आणि दारात आडवा हात घातला.

"आत पाय टाकशील तं पाय मोडीन. साऱ्या तांड्याच्या बाटल्या म्या वेचल्या, अन् माह्याच घरचं हे झिंगत येऊन राह्यलं."

बाबूसिंग काहीतरी पुटपुटला. शब्द नीट निघेना. एवढंच कळलं, "मले काई... झालं नाई."

"ऐका, वामनभाऊ. आता सांगा, हेही गारठलं म्हणा."

तिने ते टोमण्यासाठी म्हटलं, पण मला तुझं पत्र आठवलं. मी पुढे होऊन त्याचं तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. तो कुडकुडतही नव्हता. हात धरला तर माठासारखा गार होता. मग मी त्याच्या अंगावरची गोधडी अंगठ्याने दाबली. जिनिंगवर दाबायचो तशी. दाबली तिथून पाणी निघालं. इतकं ओलं ओझं तो अंगाला लपेटून दारात उभा होता, ऊब मिळावी म्हणून. दिपाली, मला त्या अंगठ्याने सगळं सांगितलं. तुझं पत्र मला तोवर समजलं नव्हतं.

मी मोठ्या आवाजात बोलत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी बोललो. "हंसाबाई, हात काढा. याले दारू नाई, थंडी चढली."

मग कामाला लागलो. त्याला धरून आत नेलं आणि निजवलं. ओलं सगळं काढलं. खाली सतरंजीवर सतरंजी घातली. शेजारचा गोविंदा धावत आला, म्हणाला, "घोटभर मोहाची पाजा, गरमी येते. अन् पाय चोळू द्या मले." हंसाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. मी म्हणालो, दारू नको आणि चोळायचंही नाही. त्याच्याकडे मेंढराच्या लोकरीचं घोंगडं आहे, ते मात्र आणायला लावलं. त्याने ते धावत जाऊन आणलं. १०८ला फोन लावायला सांगितलं.

छातीला आणि बगलेला ऊब द्यायची, पण घरात गरम पाण्याची पिशवी कुठली? मी इकडेतिकडे बघत होतो. तेव्हा हंसाबाई उठली, मागच्या पडवीत गेली आणि बाटल्यांचं ते पोतं ओढत घेऊन आली. साहेबांपुढे ओतायला ठेवलेलं. चुलीवर पाणी होतंच. हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरून, लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून तिने त्या एकेक करून नवऱ्याच्या काखेत आणि छातीला लावल्या. स्वतः त्याला घोंगड्यातून मिठी मारून बसली. बाबूसिंग कुडकुडायला लागला तसं मी तुमच्या कॅप्टनसारखं "शाबाश" म्हणालो. तो नीट गिळू लागल्यावर त्याला गुळाचा चहा थोडा थोडा पाजला.

गाडी आली. डॉक्टर आत यायला निघाले आणि दारातच थांबले. माणूस निजलेला, आणि त्याच्या भोवती देशीच्या बाटल्या. त्यांनी विचारलं, "किती घेतली?"

हंसाबाई म्हणाली, "सारीच घेतली साहेब. पर तोंडानं नाई, काखेतून."

दारात जमलेला अख्खा तांडा हसला. डॉक्टरही हसले. मग त्यांनी तपासलं आणि दवाखान्यात नेलं. म्हणाले, ओलं काढलं आणि चोळलं नाही हे बरं केलं. दोन दिवसांनी बाबूसिंग घरी आला. आल्या आल्या हंसाबाईला म्हणाला, "दारातून परत पाठवत होती मले." ती म्हणाली, "अन् तू काहून जेवलास नाई सकाळी?" तेव्हापासून दोघांचं तेच भांडण चालू आहे. मला ऐकायला बरं वाटतं.

आता तुझ्याशी. बंडी वर नेऊ नकोस. कधीच नको. मी तुझ्यावर बळजबरी केली असती आणि तू ती माझ्यासाठी घातली असतीस तर, हा विचार मनात आला की मी उठून उभा राहतो. माझं मन राखण्यापेक्षा तू नियम राखलास हे चांगलं केलंस. खोलीत शेगडीजवळ घाल. मैनालाही चुलीजवळ बसायला आवडायचं.

वामनराव


हिमाचल
११ फेब्रुवारी २०२६

मावसाजी,

मी तुमचं पत्र आमच्या खाणावळीत मोठ्याने वाचलं. मराठी कोणालाच येत नाही, म्हणून वाचता वाचता हिंदीत सांगत गेले. "काखेतून" इथपर्यंत आले आणि कॅप्टन देवसिंगांनी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. ते म्हणतात, हंसाबाईला इथे पाठवा, मी तिला शिकवायला ठेवतो. मग थोड्या वेळाने ते गंभीर झाले. म्हणाले, बरीच माणसं अशीच जातात, शेजारचा म्हणतो प्यायला असेल, झोपू दे. "तुम्हारे मौसाजी ने सूँघ के देखा, यही सबसे बड़ी बात है।" पुढच्या वर्षी शाळा घेताना हे सांगणार आहेत.

बाबूसिंगकाकांना सांगा, तिकीट न काढता थंडीने मरायला निघालात, आता तिकीट काढून जगायला या.

आणि तुम्ही खरंच या. मेमध्ये रस्ता उघडतो. इथे तेव्हा गुलाबी थंडी असते. पुसदला अंगाची लाही होत असेल तेव्हा तुम्ही इथे ओढ्याकाठी बसाल. एक दिवस कॅप्टन तुम्हाला खोऱ्यावरून फिरवून आणतील, मी शेजारी असेन. कपडे काय आणायचे ते मी सांगणार नाही. तुम्ही पारखी आहात.

रोज वाटायचं की तुम्ही आता कधीच लिहिणार नाही. आज वाटत नाही.

तुमची दिपाली


पुसद
२२ फेब्रुवारी २०२६

चि. दिपालीस आशीर्वाद.

आज सकाळी भाकरी स्वतः केली, जरा जाड झाली. बाबूसिंग येऊन गेला. तब्येत चांगली आहे. त्याने मला विचारलं, "भाऊ, तिकडं लोकर कुठं भेटते?" मी म्हणालो, तिकडेच भेटते. तो म्हणाला, "मग इथून कायले नेता? जाताना काहीबी घाला, येताना मेंढरू घालून या."

मी येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात. रेल्वेचं तिकीट काढायला अमरला सांगितलं आहे, तो आपल्या गल्लीतला, हे मोबाईलवर करतो. मी कधी महाराष्ट्राबाहेर गेलो नाही, तुला माहीत आहे. मैनाला जायचं होतं, मला सुट्टी नसायची, आणि सुट्टी असली की जावंसं वाटायचं नाही. आता वाटतं आहे. हेलिकॉप्टरमध्ये बसायचं की नाही ते तिथे येऊन ठरवीन. कॅप्टनना सांग, मी कमी बोलतो, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

लोकरीचा स्वेटर काल बाजारात बघितला. दुकानदार म्हणाला शंभर टक्के लोकर आहे. मी एक धागा ओढून बघितला आणि परत ठेवला. उद्या दुसऱ्या दुकानात जाईन.

पत्र इथेच थांबवतो. ऊन चांगलं आहे, सकाळपासून धुणं भिजत घातलं आहे. दोन शर्ट आहेत, ते लगेच होतील. जाड चादर आहे, ती पिळायला दोघं लागतात. मी एक टोक अंगणातल्या खांबाला बांधतो आणि दुसरं हातात धरून पिळतो.

वामनराव